आत्याच्या वाट्याचं सोन्याचं घड्याळ



गेल्या श्रावणात माझी आत्या दोन दिवस माझ्याकडे राहायला आली होती. वय चौऱ्याऐंशी, पण पिशवी अजून स्वतःच उचलते. जेवणं लवकर आटोपली. दिवेलागणीला तिनं पिशवीतून लाल खणाची पुरचुंडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. आत आजोबांचं खिशातलं घड्याळ होतं. गोल, जड, पिवळंधमक. "नातीच्या नर्सिंगची फी भरायचीय. हे विकून दे. सोन्याचं आहे, योग्य भाव आला पाहिजे. तुझ्यावर सोपवते."

हे घड्याळ आत्याकडे कसं आलं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आजोबांची शाहूपुरीत गुळाची अडत होती. १९६४ साली ते गेले. १९५६ च्या वारसा कायद्यानं मुलीलाही वडिलांच्या मिळकतीत हक्क मिळाला होता आणि तो कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. पण बहिणीनं भावासाठी हक्कसोडपत्रावर सही करायची, हीच घरोघरची रीत होती. आत्यानंही केली. तेव्हा माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, आजोबांचं हे घड्याळ तिच्या ओटीत घातलं आणि म्हणाले, "घर-शेत माझ्याकडे, सोनं तुझ्याकडे." साठ वर्षं आत्या अभिमानानं सांगत आली, की माझ्या भावानं मला रिकाम्या हातानं पाठवलं नाही.

म्हणून हे घड्याळ तपासायला घेताना मला धाकधूक होती. प्रश्न फक्त भावाचा नव्हता, माझ्या वडिलांनी केलेल्या वाटणीचाही होता.

घटिकेपासून घड्याळापर्यंत

घड्याळ हा शब्दच घडीवरून आला. घटिकापात्र म्हणजे बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी. ती पाण्यावर सोडली की भरून बुडायला २४ मिनिटं लागायची, तीच एक घटिका. दोन घटिकांचा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं. आपल्याला हे मोजमाप वेगळं शिकवावं लागत नाही. सामायिक ४८ मिनिटांचं. गाळलेल्या पाण्याची मर्यादाही दोन घडीच. ती उलटली की पाणी पुन्हा गाळायचं, हे आपण स्वयंपाकघरात शिकलो. आपल्या आज्यांनी ही सगळी शिस्त उन्हाच्या तिरपीवर आणि सावलीवर पाळली. खिशात घड्याळ नव्हतं म्हणून कुणाचं सूर्यास्तापूर्वीचं जेवण चुकलं नाही.

मग कोल्हापुरात यंत्राचं घड्याळ हवंसं कधी वाटू लागलं? न्यू पॅलेस १८८४ मध्ये बांधून पूर्ण झाला. त्याच्या मनोऱ्यावरचं घड्याळ तुम्ही पाहिलंच असेल. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. गाडी कुणासाठी थांबत नाही आणि अडतीच्या मालाला गाडी चुकणं परवडत नाही. त्यातून वेळेचा गोंधळही होता. रेल्वे मद्रासच्या वेळेनं चाले, मुंबईची वेळ तिच्या जवळजवळ अर्धा तास मागे, आणि गावची वेळ सूर्याची. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशाची एक प्रमाणवेळ ठरली. तरी मुंबई महापालिकेनं आपली जुनी, ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. कोल्हापुरातही प्रमाणवेळेचे बारा वाजतात तेव्हा सूर्य माथ्यावर यायला अजून सरासरी अर्धा तास असतो. म्हणूनच "घड्याळात काय वाजले ते सांगू नको, दिवस किती राहिला ते सांग," असं माझी आज्जी म्हणायची, ते काही अडाणीपणाचं नव्हतं.

त्या काळात व्यापाऱ्याच्या खिशातलं घड्याळ म्हणजे पत होती. जुन्या फोटोंत बघा. फेटा, बंद गळ्याचा कोट आणि कोटाच्या बटणातून खिशात गेलेली साखळी. घड्याळ खिशात असलं तरी साखळी लोकांना दिसायची. स्विस कंपन्यांनी ही हौस ओळखली होती. वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळं मुंबई-कलकत्त्याचं नाव तबकडीवर घेऊन गावोगाव पोचली. फाव्र-ल्युबाचं नाव तर अजून जुन्या मंडळींच्या तोंडात आहे. अमेरिकेतल्या वॉल्थम गावची घड्याळंही इंग्लंडमार्गे इकडे यायची. आमच्या आजोबांचं घड्याळ त्यातलंच, वॉल्थमचं. या कंपनीच्या यंत्रावर क्रमांक असतो आणि त्यावरून ते साधारण कधी बनलं ते कळतं. आमचं यंत्र १९१० ते १९१५ च्या दरम्यानचं निघालं.

गुजरीतला पहिला आनंद

मी आधी गुजरीत गेले. ओळखीच्या पेढीवर कॅरेट मीटर आहे. घड्याळ यंत्राखाली ठेवलं, मिनिटभरात आकडे आले : दहा कॅरेटच्या आसपास. मी मनात हिशोब मांडला. हा हिशोब प्रत्येकीला यायला हवा, म्हणून सांगते. शुद्ध सोनं २४ कॅरेट. त्यामुळे २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग, १८ म्हणजे ७५०, १४ म्हणजे ५८५ आणि ९ म्हणजे ३७५. संपूर्ण घड्याळाचं वजन भरलं ९० ग्रॅम. पण घड्याळाचं वजन म्हणजे सोन्याचं वजन नव्हे. आतलं यंत्र पितळ-पोलादाचं, वर काच. ते काढून नुसती केस तोलायची. आमची केस ४८ ग्रॅम भरली. दहा कॅरेट धरलं तर त्यात शुद्ध सोनं २० ग्रॅम. नातीची फी निघून वर उरणार होतं.

तोळ्याचीही एक गोष्ट लक्षात ठेवा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आज बाजारात १० ग्रॅमला तोळा म्हणतात. जुन्या चिठ्ठीवर "चार तोळे" लिहिलेलं असेल आणि तुम्ही ४० ग्रॅम धरलेत, तर साडेसहा ग्रॅमहून जास्त सोनं कागदावरच हरवतं.

पेढीवरचे गृहस्थ "मोड घालायची असेल तर आत्ताच करू" म्हणाले. पण मला आत्यानं योग्य भाव सांगितला होता. घड्याळ चालू असेल तर यंत्राचेही पैसे यायला हवेत, असं वाटून मी ते परत पुरचुंडीत बांधलं आणि महाद्वार रोडच्या एका बोळातल्या घड्याळजींकडे गेले. ते चाचा पन्नास वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलेले आहेत.

"मून" म्हणजे काय?

चाचांनी मागचं झाकण उघडलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. "वाचा ताई." आत बारीक इंग्रजी अक्षरं होती. डेनिसन वॉच केस कंपनी, आणि खाली "मून". मला लगेच आत्याचं बोलणं आठवलं. "आत चंद्राचं नाव कोरलंय, ती खऱ्या सोन्याची खूण," असं ती नेहमी सांगायची. तिला ते अण्णांनी सांगितलेलं.

चाचा म्हणाले, "मून म्हणजे रोल्डगोल्ड."

इतिहास असा आहे. एरन डेनिसन हा अमेरिकन माणूस. वॉल्थमच्या ज्या कारखान्यानं यंत्रावर घड्याळं बनवायची पद्धत पाडली, त्याच्या संस्थापकांपैकी एक. पुढे तो इंग्लंडात बर्मिंगहॅमला गेला आणि तिथं घड्याळांच्या केसेस बनवण्याचा धंदा उभा केला. भरीव सोन्याच्या केसेस होत्याच, पण सामान्य माणसाच्या ऐपतीसाठी वेगळी युक्ती होती. मध्ये पितळेसारखा धातू, दोन्ही बाजूंना सोन्याचा पातळ पत्रा, आणि हे सगळं एकत्र लाटून घ्यायचं. लाटलेलं म्हणून रोल्डगोल्ड. किती वर्षं झिजणार नाही याची कंपनी हमी द्यायची. डेनिसनच्या "स्टार" केसला १० वर्षं आणि "मून"ला २० वर्षं. हमी सोन्याच्या शुद्धतेची नव्हती, वरचा पत्रा किती वर्षं टिकेल याची होती. अमेरिकेत अशा वर्षांच्या हमीनं गिऱ्हाईक फसतं म्हणून १९२४ साली ती पद्धत बंद करायला लावली. ज्या झाकणात "अमुक वर्षं गॅरंटी" दिसेल, ते भरीव सोनं नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवा. सोन्याला हमीची वर्षं लागत नाहीत.

मग कॅरेट मीटर खोटं बोललं का? नाही. त्याचे किरण वरचा थर तेवढा वाचतात. वरचा पत्रा जाडसर असेल तर मीटरला खालचं पितळ दिसतच नाही. चाचांनी मला खरी जागा दाखवली. बिजागरी, कडा, आणि घड्याळ जिथं खिशाला घासतं तो पाठीचा उंचवटा. बिजागरीपाशी तांबूस-करडी रेघ होती. इतकी वर्षं मी तिला मळ समजत होते.

खात्रीसाठी मी पुन्हा पेढीवर जाऊन नुसती केस पाण्यात तोलून घेतली. हा जुना, कुणालाही कळणारा उपाय आहे. सोनं पितळेच्या दुपटीहून जड, म्हणून तेवढ्याच वजनाला ते कमी पाणी सारतं. ४८ ग्रॅमची केस दहा कॅरेटची असती तर चार मिलीलिटरच्या जरा वर पाणी सरलं असतं. आमच्या केसनं पाचाहून जास्त सारलं. पेढीवरचे गृहस्थही गप्प झाले. "बरं झालं वहिनी, मी घेतलं असतं तर मला आटणीतच कळलं असतं."

आता खरं सांगते. दोन दुकानांच्या मधल्या रस्त्यात एक विचार माझ्या मनात येऊन गेला होता. दुसऱ्या एखाद्या पेढीवर मीटरचाच आकडा दाखवून घड्याळ विकावं, आत्याला वीस ग्रॅमचे पैसे द्यावेत आणि कुणालाच काही कळू देऊ नये. अण्णांचं नाव राहिलं असतं. पण अचौर्य अणुव्रताचे अतिचार आपण पाठशाळेत घोकलेत. त्यात "प्रतिरूपक व्यवहार" आहे, म्हणजे हलकी वस्तू भारीच्या रूपात देणं. चोरी कुलूप तोडूनच होते असं नाही. ठाऊक असून न सांगणं हीसुद्धा चोरीच.

साठ वर्षं कुणी तपासलं का नाही?

हा प्रश्न मला रात्रभर छळत होता. उत्तर मला त्या काळाच्या इतिहासात सापडलं.

१९६२ चं चीनचं युद्ध झालं आणि जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणलं. १४ कॅरेटपेक्षा शुद्ध दागिने घडवायला बंदी आली. दागिन्यांखेरीजचं सोनं सरकारला जाहीर करावं लागलं. देशभरात हजारो सोनारांचा धंदा बसला, भट्ट्या थंडावल्या. १४ कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली, पण १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदाच झाला आणि तो रद्द व्हायला १९९० साल उजाडलं. आपल्या आईच्या पिढीतल्या बायका सोन्याबद्दल कुजबुजत का बोलायच्या, ते यातून कळतं.

आजोबा गेले १९६४ ला. म्हणजे वाटणी झाली ती नेमकी या धास्तीच्या दिवसांत. सोन्याचं घड्याळ हा दागिना की जाहीर करायची वस्तू, हे विचारायलाही माणूस भीत होता. मग ते सोनाराकडे नेऊन कस कोण लावणार? पुरचुंडी बांधली ती बांधलीच. पुढे १९६१ पासून बनू लागलेली एचएमटीची मनगटी घड्याळं घरोघर आली, खिशातली घड्याळं ट्रंकेत गेली. मग सेलवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळं आली आणि चावीच्या घड्याळाला कुणी विचारेनासं झालं. अशी साठ वर्षं गेली.

आजही कायदा आपल्याला इथं फारसा मदतीला येत नाही. दागिन्यांवर हॉलमार्क जून २०२१ पासून सक्तीचा होऊ लागला, पण घड्याळांना त्यातून सूट आहे. तेव्हा जुन्या घड्याळावर भारतीय शिक्का नसणार हे धरून चाला. परदेशी शिक्के वाचता आले पाहिजेत. जुन्या स्विस केसवर भिंगातून स्त्रीचं मस्तक दिसलं तर १८ कॅरेट, खार दिसली तर १४ कॅरेट. ही पद्धत तिकडच्या १८८० च्या कायद्यानं आली. अस्वल दिसलं तर ती चांदी आहे. इंग्लंडच्या शिक्क्यात १८ च्या जोडीला मुकुट असतो. ७५०, ५८५, ३७५ हे आकडे वर सांगितलेच. यातलं काहीच नसेल, नुसतं कंपनीचं नाव आणि वर्षांची हमी असेल, तर ते रोल्डगोल्ड किंवा मुलामा.

चाचांनी शिकवलेली पारख

"सोनं गेलं म्हणून घड्याळ गेलं नाही ताई," चाचा म्हणाले. त्यांनी मला एकेक गोष्ट दाखवली. ती तुमच्याही उपयोगाची आहे.

पहिलं, चावी. ती हळू फिरवावी. सरसर फिरली आणि अडलीच नाही तर स्प्रिंग तुटलेली असते. दुसरं, आतलं डोलणारं चाक. घड्याळ उताणं, पालथं, उभं धरलं तरी ते सारखं डोललं पाहिजे. तिसरं, स्क्रूंची डोकी. ओरखडलेली असतील तर अडाणी हात लागलेला आहे. चौथं, गंज. आपल्या कोल्हापूरच्या पावसाळी हवेत पोलादाला तो आधी धरतो. पाचवं, तबकडी. जुन्या मिन्याच्या तबकडीवर केसासारखी चीर चालते, पण पुन्हा रंगवलेली तबकडी नको. ती नवी दिसते आणि किंमत कमी करते. सहावं, यंत्र आणि केस एकमेकांचेच आहेत का. झाकणात स्क्रूची जास्तीची भोकं दिसली तर दुसरं यंत्र बसवलेलं असतं. आणि अंधारात चमकणारे जुने काटे असतील तर ते घरी उघडू नका. पूर्वी त्यांना रेडियम लावत, ती धूळ अंगात जाणं वाईट.

झाकणाच्या आत सुईनं खरडल्यासारखे बारीक आकडे होते. ते चोर-खुणा नव्हेत, जुन्या घड्याळजींच्या दुरुस्तीच्या नोंदी असतात. आमच्या घड्याळावर अशा चार होत्या. म्हणजे आजोबांनी ते चार वेळा तरी साफ करून घेतलं होतं. जिवापाड जपलेली वस्तू होती.

भाव कसा ठरवायचा? चाचांचं म्हणणं, तीन भाव वेगळे मांडा. सोन्याचा भाव वजन गुणिले कस, त्या दिवसाच्या दरानं. यंत्राचा भाव कंपनी, दुर्मीळपणा आणि अवस्था यावर. लोकांनी मागितलेल्या किमती बघू नका, तसंच घड्याळ प्रत्यक्षात कितीला गेलं ते बघा, आणि साफसफाईचा खर्च त्यातून वजा करा. परदेशातल्या किमती ऐकून हुरळून जाऊ नका. आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू बाहेर पाठवण्याआधी त्याची चौकशी करावी लागते. तिसरा भाव आठवणीचा. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात गांधीजींचं झेनिथचं खिशातलं घड्याळ, चष्मा, चपला, वाटी आणि ताटली मिळून १८ लाख डॉलरला गेली. घड्याळ चांदीचं होतं. आठवण साऱ्या जगाची असेल तर तिला बाजारभाव येतो, एका घराची असेल तर तो शून्य.

आमच्या घड्याळाचा हिशोब साधा निघाला. केसचं सोनं वितळवण्याजोगं नाही, यंत्र चांगलं पण लाखोंनी बनलेलं. फीचा एक हप्तासुद्धा निघणार नव्हता.

मी उठणार तेवढ्यात चाचांनी घड्याळाच्या वरच्या कडीवर बोट ठेवलं. कडी आतून एका ठिकाणी खोल झिजली होती. "याला वजनदार साखळी होती. वर्षानुवर्षं घासलीय. ती कुठाय?"

साखळी

साखळी कुठं आहे ते मला क्षणात आठवलं. माहेरी, देवघराच्या कपाटाच्या किल्लीला. लालसर, काळवंडलेली. लहानपणापासून आम्ही तिला "पितळेची साखळी" म्हणतो. दादाच्या मुलानं लहान असताना ती दातांनी चावलेली आहे.

दशलक्षण पर्व संपलं. क्षमावाणीच्या दिवशी आत्याला घेऊन मी माहेरी गेले. सगळ्यांनी एकमेकांना उत्तम क्षमा म्हटलं. मग मी पुरचुंडी पाटावर ठेवली आणि जे होतं ते सांगितलं. दादाचा चेहरा उतरला. "अण्णांनी वाटलं ते वाटलं. आता साठ वर्षांनी कशाला उकरायचं?" त्याचंही चुकत नव्हतं. मेलेल्या माणसाची बाजू कुणी मांडायची?

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच विचारलं, "अण्णाला ठाऊक होतं का गं?"

वहिनी उठल्या. देवघरात गेल्या, किल्ली सोडवली आणि साखळी आणून आत्यापुढं ठेवली. मी भिंग नेलं होतं. प्रत्येक कडीवर, अगदी बटणात अडकवायच्या आडव्या दांडीवरही, बारीक शिक्के होते : ९ आणि .३७५. इंग्लंडात १८५४ पासून ९ कॅरेट सोन्यालाही कायद्याची मान्यता होती, आणि चांगल्या साखळीच्या कडीकडीवर शिक्का मारायची तिकडे रीत होती. त्यात तांबं जास्त, म्हणून रंग लालसर आणि काळवंडतंही लवकर. दुसऱ्या दिवशी गुजरीत मीटरनं आणि कसोटीच्या दगडानं, दोन्हीनं तेच सांगितलं. वजन ३२ ग्रॅम, शुद्ध सोनं १२ ग्रॅम. जुन्या मापानं तोळ्याहून थोडं जास्तच.

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे असं मला वाटतं. अण्णांना फसवायचं असतं तर त्यांनी चकचकीत रोल्डगोल्ड बहिणीला देऊन सोन्याची साखळी किल्लीला कशाला बांधली असती? त्यांनी जे सोनं समजलं ते बहिणीला दिलं आणि जे पितळ समजलं ते स्वतःकडे ठेवलं. झाकणातलं इंग्रजी वाचणारं घरात कुणी नव्हतं, सोनाराकडे जायची हिंमत नव्हती. हा पुरावा कोर्टात टिकेल की नाही ते सोडा. आत्याला तो पटला. तिनं साखळी ओंजळीत घेतली आणि म्हणाली, "म्हणजे खरंच दिलं होतं की त्यानं. फक्त चुकीच्या खिशात राहिलं."

साखळी आत्याची, यावर कुणी वाद घातला नाही. आम्ही भावंडांनी आणखी काही भर घालतो म्हटलं. भरीव घड्याळाचा फरक म्हणून. तिनं पहिल्या वर्षाच्या फीपुरते घेतले, त्यापुढं नाही. "हक्कसोडीवर सही मी केलीय, ती परत मागायची नाही." मला हे अजूनही पूर्ण पटलेलं नाही. ती सही रीतीनं करवून घेतली होती, तिच्या मर्जीनं किती, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. पण तो निर्णय तिचा आहे.

साखळी विकली. घड्याळ विकलं नाही. चाचांनी साफ करून दिलं, दिवसाला तीनेक मिनिटं मागे पडतं. ४८ मिनिटांत तेवढा फरक जाणवत नाही, म्हणून आत्या आता सामायिकाला बसताना ते समोर ठेवते.

मैत्रिणींनो, तुमच्याही ट्रंकेत असं काही असेल. आजच काढा. भिंग घेऊन शिक्का वाचा, केस आणि साखळी वेगवेगळी तोला, आणि काय निघालं ते तारखेसकट चिठ्ठीवर लिहून त्याच पुरचुंडीत ठेवा. वाटणी करायची असेल तर त्याच दिवशी सगळ्यांसमोर कस लावा. ज्यांना विचारायचं ते अजून घरात असताना विचारा. आम्हाला अण्णांना विचारता आलं नाही, किल्लीच्या साखळीला विचारावं लागलं.

जय जिनेंद्र.